एका मशीनवर तीन टॉमकॅट : पोर्ट बदलल्यानंतरचे प्रश्न

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजतो. तालुक्याच्या गावी १६ जीबी मेमरी आणि चार कोअर असलेले एक उबंटू मशीन आहे. त्याच मशीनवर पोस्टग्रेस डेटाबेस आहे, आणि टॉमकॅट ९ चे (जावात लिहिलेली वेब ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या सर्व्हरचे) फोल्डर तीनदा कॉपी करून आपल्याला तीन ॲप्लिकेशन्स चालवायची आहेत : बाजार समितीच्या हर्रासाचे व चुकाऱ्यांचे, जिनिंगच्या वजनकाट्याचे व गाठींच्या हिशेबाचे, आणि तिसरी म्हणजे बाजार समितीच्याच ॲप्लिकेशनची चाचणीसाठी ठेवलेली प्रत. दुसरा टॉमकॅट सुरू होऊन लगेच बंद पडत होता. पोर्ट (प्रोग्रॅम नेटवर्कवरून विनंत्या घेतो तो क्रमांक) बदलल्यावर तो चालू राहिला, परंतु आता एका ॲप्लिकेशनमध्ये लॉगिन केले की दुसऱ्यातून कर्मचारी बाहेर फेकला जातो, आणि आवक जास्त असलेल्या दिवशी सगळेच मंदावते. कापसाचा हंगाम तोंडावर आला आहे, म्हणून तिन्ही वेगळे ठेवावेत की एकाच टॉमकॅटमध्ये टाकावेत, असे आपण विचारले आहे.

माझे मत तिन्ही वेगळे ठेवावेत असे आहे. मात्र आपण ज्यावर सर्वांत जास्त वेळ घालवला तो पोर्टचा भाग ह्या कामातील सर्वांत सोपा भाग आहे. पोर्टची टक्कर झाली की टॉमकॅट लॉगमध्ये स्पष्ट तक्रार नोंदवतो. मेमरी, ब्राउझरची कुकी, डेटाबेसची कनेक्शन्स आणि ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे यांच्या बाबतीत तशी तक्रार येत नाही. ह्या गोष्टी तिन्ही इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्र चालणारे तीन टॉमकॅट, मुकाट्याने वाटून घेत असतात, आणि त्यांतली ओढाताण नेमकी गर्दीच्या दिवशी उघडी पडते. आपली उरलेली दोन्ही लक्षणे ह्याच वर्गातली आहेत.

एकच टॉमकॅट ठेवण्याच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे, आणि ते परिस्थितीवर अवलंबून आहे. ॲप्लिकेशन्स लहान असतील, एकाच माणसाने केलेली असतील, आणि एकाला रिस्टार्ट करताना दुसरे दोन मिनिटे बंद राहिले तरी चालणार असेल, तर एका जावा प्रक्रियेत तिन्ही ठेवल्याने मेमरीची चांगली बचत होते. आपल्याकडे तशी स्थिती नाही. जिनिंगवाल्याने हंगामाचा पूर्ण अहवाल एक्सेलमध्ये मागितला आणि त्या अहवालाने हीप (जावा प्रक्रियेची डेटासाठीची मेमरी) भरून टाकला, तर त्याच हीपवर चालणारा बाजार समितीचा हर्रासही थांबेल. जावाच्या सिस्टम प्रॉपर्टीज संपूर्ण प्रक्रियेला एकच असतात, त्यामुळे एका ॲप्लिकेशनसाठी बदललेला टाइमझोन किंवा अक्षरांचे एन्कोडिंग दुसऱ्यालाही लागू होते. चाचणीची प्रत चालू व्यवहाराच्या शेजारी एकाच प्रक्रियेत ठेवणे तर मी कोणत्याच परिस्थितीत मान्य करणार नाही. तरीही एवढे ध्यानात असू द्यावे की वेगळ्या इन्स्टन्समुळे प्रोग्रॅमची बिघाडे एकमेकांपासून वेगळी होतात, मशीनची होत नाहीत. डिस्क एकच आहे, वीजही एकच आहे.

आता मांडणीकडे येतो. पूर्ण फोल्डर तीनदा कॉपी करण्याची गरज नसते, आणि तसे केल्याने पुढे त्रासच होतो, कारण सुरक्षेची दुरुस्ती आली की ती तीन ठिकाणी करावी लागते आणि त्यातले एक ठिकाण हमखास विसरले जाते. टॉमकॅटमध्ये ह्यासाठी दोन वेगळे चल आधीपासून दिलेले आहेत. ‘कॅटालिना होम’ म्हणजे टॉमकॅटचे मूळ फोल्डर, ज्यातले बिन आणि लिब सर्वांनी मिळून वापरायचे. ‘कॅटालिना बेस’ म्हणजे त्या त्या इन्स्टन्सचे स्वतःचे फोल्डर, ज्यात कॉन्फ, लॉग्ज, टेम्प, वेबॲप्स आणि वर्क हे पाच उपफोल्डर, आणि गरजेप्रमाणे स्वतःचे बिन, असतात. टॉमकॅट ९ च्या बिनमध्ये ‘मेकबेस’ नावाची स्क्रिप्ट मिळते. तिला नवीन फोल्डरचा पत्ता दिला की ही रचना ती तयार करून देते. मूळ फोल्डरची मालकी मी रूटकडे ठेवतो, म्हणजे कोणताही इन्स्टन्स त्यात काही लिहू शकत नाही. प्रत्येक बेससाठी लिनक्सचा वेगळा वापरकर्ता करतो, म्हणजे चाचणीच्या इन्स्टन्सला बाजार समितीच्या पासवर्डची फाइल वाचताच येत नाही.

प्रत्येक इन्स्टन्सचे जावाचे पर्याय त्याच्या स्वतःच्या बेसमधील बिन फोल्डरात ‘सेटएन्व्ह’ ह्या फाइलमध्ये लिहावेत. सुरू करणारी स्क्रिप्ट ही फाइल आधी बेसमध्ये शोधते आणि तेथे नसेल तरच होममध्ये पाहते. होम आणि बेस हे दोन पत्ते मात्र ह्या फाइलमध्ये लिहून उपयोग नाही. ती फाइल कोठे आहे हेच त्या पत्त्यांवरून ठरत असल्यामुळे ते बाहेरून द्यावे लागतात.

पर्याय लिहिताना ‘जावा ऑप्ट्स’ वापरायचे की ‘कॅटालिना ऑप्ट्स’, ह्याकडे बहुतेक जण लक्ष देत नाहीत. जावा ऑप्ट्स सुरू करतानाही लागू होतात आणि बंद करतानाही, कारण बंद करण्याची आज्ञा हीदेखील एक छोटी जावा प्रक्रियाच असते. देखरेखीसाठीचे जेएमएक्सचे पोर्ट जावा ऑप्ट्समध्ये लिहिले, तर बंद करणारी प्रक्रिया तेच पोर्ट पुन्हा उघडायला जाते, ते आधीच व्यापलेले असते, आणि टॉमकॅट बंदच होत नाही. हीपचा आकार, जेएमएक्स, गार्बेज कलेक्शनचा (न लागणारी मेमरी मोकळी करण्याच्या कामाचा) लॉग हे सर्व कॅटालिना ऑप्ट्समध्येच लिहावे.

पोर्टबद्दल आता थोडक्यात. सर्व्हर.एक्सएमएल ह्या टॉमकॅटच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन पोर्टांचा विचार करावा लागतो : बंद करण्याच्या आज्ञेसाठीचे ८००५ आणि एचटीटीपीचे ८०८०. तिसरे ८००९ हे एजेपीचे, म्हणजे पुढे बसवलेल्या वेब सर्व्हरशी बोलण्याच्या पद्धतीचे. २०२० साली घोस्टकॅट नावाची सुरक्षात्रुटी उघड झाल्यावर ते मूळ फाइलमध्ये निष्क्रिय करण्यात आले आहे आणि आपल्याला त्याची गरजही नाही. आपला दुसरा टॉमकॅट सुरू होऊन लगेच बंद का पडत होता, ह्याचे कारण ८००५ मध्ये आहे. टॉमकॅट आधी ॲप्लिकेशन पूर्ण सुरू करतो आणि शेवटी ८००५ वर कान देऊन बसतो. ते पोर्ट मिळाले नाही की तक्रार नोंदवून सर्व बंद करतो. एचटीटीपीच्या पोर्टचे वागणे उलटे आहे. ८०८० मिळाले नाही तर चूक लॉगमध्ये लिहिली जाते, पण प्रक्रिया चालूच राहते. बाहेरून तो इन्स्टन्स बंद दिसतो, आत मात्र ॲप्लिकेशन जिवंत असते आणि त्याची वेळापत्रकातली कामेही चालू असतात. ‘एक्झिट ऑन इनिट फेल्युअर’ ही सिस्टम प्रॉपर्टी ट्रू केली की असा दार नसलेला इन्स्टन्स उभा राहत नाही. ती मी सर्वत्र लावतो.

८००५ चा दुसरा धोका अधिक गंभीर आहे. तीन प्रतींत हे पोर्ट सारखेच राहिले असेल आणि कोणी चाचणीच्या फोल्डरातून बंद करण्याची स्क्रिप्ट चालवली, तर ती आज्ञा ८००५ वर जो कोणी बसला असेल त्याला पोचते, म्हणजे बहुधा बाजार समितीच्या इन्स्टन्सला. सिस्टमडीकडून (लिनक्सवर सेवा सुरू व बंद करणाऱ्या व्यवस्थेकडून) टॉमकॅट चालवत असाल तर ह्या पोर्टची किंमत उणे १ करून ते बंदच करावे. एचटीटीपीसाठी ८१८०, ८२८० आणि ८३८० असे क्रमांक घ्यावेत. ३२७६८ च्या वरचे क्रमांक घेऊ नयेत, कारण लिनक्स बाहेर जाणाऱ्या कनेक्शनसाठी तात्पुरती पोर्टे त्या पट्ट्यातून उचलते, आणि एखाद्या सकाळी आपले पोर्ट आधीच कोणीतरी घेतलेले आढळते.

आता लॉगआउटच्या तक्रारीबद्दल. ब्राउझर कुकी ओळखतो ती यजमानाच्या नावावरून आणि पाथवरून. पोर्टचा त्यात विचार होत नाही. आपले कर्मचारी एकाच आयपी पत्त्यापुढे वेगवेगळी पोर्टे लिहून तिन्ही ॲप्लिकेशन्स उघडतात, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे तिन्ही ‘रूट’ ह्या नावानेच, म्हणजे पत्त्यात ॲप्लिकेशनचे वेगळे नाव न लागेल अशी, बसवलेली असल्याने त्यांचा पाथही एकच आहे. तिन्ही टॉमकॅट आपली सेशनची (लॉगिन केलेल्या वापरकर्त्याची ओळख ठेवणारी) कुकी ‘जेसेशनआयडी’ ह्याच नावाने पाठवतात. काट्यावरच्या माणसाने जिनिंगचे ॲप्लिकेशन उघडले की त्याची नवी कुकी बाजार समितीच्या कुकीवर जाऊन बसते. पुढच्या क्लिकला बाजार समितीच्या टॉमकॅटकडे अनोळखी क्रमांक पोचतो, आणि तो लॉगिनचे पान दाखवतो. ॲप्लिकेशनमध्ये काहीही दोष नाही.

तातडीचा उपाय म्हणून प्रत्येक बेसच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल मध्ये ‘सेशन कुकी नेम’ हा गुणधर्म वेगळा द्यावा. बाजार समितीसाठी एक नाव, जिनिंगसाठी दुसरे, चाचणीसाठी तिसरे. इन्स्टन्स रिस्टार्ट केला की तक्रार थांबते. कायमचा उपाय म्हणून पुढे एनजिनएक्स किंवा अपाची हा वेब सर्व्हर प्रॉक्सी (विनंत्या टॉमकॅटकडे पाठवणारा मध्यस्थ) म्हणून बसवून प्रत्येक ॲप्लिकेशनला स्वतःचे यजमाननाव द्यावे, आणि टॉमकॅटचे कनेक्टर (विनंत्या घेणारे भाग) १२७.०.०.१ ह्या मशीनच्या स्वतःच्याच पत्त्यावर बांधावेत, म्हणजे बाहेरून थेट ८१८० वर कोणी येऊ शकणार नाही. लहान नेटवर्कवर नावांसाठी राउटरच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी पुरतात.

मंदावण्याचा प्रश्न बहुतांशी मेमरीचा असावा. हीपची कमाल मर्यादा आपण दिली नसेल, तर जावा मशीनच्या एकूण मेमरीचा चौथा हिस्सा धरते. आपल्या १६ जीबीवर ती ४ जीबी होते, आणि हा हिशेब प्रत्येक इन्स्टन्स शेजारचा विचार न करता स्वतंत्रपणे करतो. एकाच विहिरीवर तीन शेतकऱ्यांनी आपापल्या मोटारी बसवाव्यात आणि प्रत्येकाने सगळे पाणी आपलेच धरून मोटारीचा आकार ठरवावा, तसे हे होते. तिघांचे मिळून १२ जीबी फक्त हीपचे झाले. शिवाय मेटास्पेस, संकलित कोडची जागा, थ्रेडचे स्टॅक आणि बफर हे हीपच्या बाहेर असते, आणि ते सर्व धरून एका मध्यम ॲप्लिकेशनसाठी साधारण अर्धा जीबी बाजूला ठेवावा, असा माझा अनुभव आहे. त्यात पोस्टग्रेस आणि लिनक्सचा फाइल कॅशे मिळवला की १६ जीबी पुरत नाहीत. मशीन स्वॅपवर जाते, म्हणजे मेमरीऐवजी डिस्क वापरू लागते. जावाचा गार्बेज कलेक्टर हीपभर फिरत असल्यामुळे स्वॅपमध्ये गेलेली पाने तो पुन्हा पुन्हा मागे ओढतो, आणि काही मिलिसेकंदांचा विराम कित्येक सेकंदांचा होतो.

आपल्या मशीनसाठी मी सुरुवातीला अशी वाटणी करीन. लिनक्स आणि फाइल कॅशेसाठी ३ जीबी. पोस्टग्रेससाठी ४ जीबी, त्यांपैकी २ जीबी शेअर्ड बफर्सना आणि उरलेले कनेक्शन्स व सॉर्टिंगसाठी. बाजार समितीच्या हीपला अडीच जीबी, जिनिंगला दीड, चाचणीला पाऊण, आणि तिघांच्या हीपबाहेरच्या खर्चासाठी दीड. बेरीज सव्वातेरा जीबी होते, उरलेले हाताशी राहू द्यावेत. हे आकडे आपल्या ॲप्लिकेशन्सना पाहिल्याशिवाय दिलेले आहेत, त्यामुळे ते अंतिम समजू नयेत. गार्बेज कलेक्शनचा लॉग चालू करून आठवडाभर ठेवावा आणि पूर्ण कलेक्शननंतर हीपमध्ये किती शिल्लक राहते ते पाहावे. त्या शिल्लकीच्या दुप्पट ते तिप्पट हीप मी देतो. जास्त दिल्याने त्या इन्स्टन्सला फारसा फायदा होत नाही, शेजाऱ्याचे मात्र कमी होते.

हीपची किमान आणि कमाल मर्यादा मी सारखीच ठेवतो आणि सोबत ‘ऑलवेज प्रीटच’ हा पर्याय लावतो. किमान मर्यादा वाढवल्याने मेमरी लगेच हाती येते असा समज आहे, तो पूर्ण खरा नाही. लिनक्स ती जागा कागदावर देते आणि पान प्रत्यक्ष वापरले जाईल तेव्हाच खरी मेमरी जोडते. प्रीटच लावला की जावा सुरुवातीलाच सर्व पानांना स्पर्श करते. इन्स्टन्स उभा राहायला थोडा जास्त वेळ लागतो, पण मेमरी पुरत नसेल तर ते सकाळी कार्यालय उघडतानाच कळते, दुपारी आवारात गाड्या उभ्या असताना नाही.

मेमरी पूर्ण संपली की लिनक्सचा ओओएम किलर एखादी प्रक्रिया मारतो, आणि तो प्रामुख्याने सर्वांत जास्त मेमरी व्यापणारी प्रक्रिया निवडतो. दोषी कोण हे तो पाहत नाही. चाचणीच्या इन्स्टन्सने गळती लावावी आणि मारला जावा बाजार समितीचा टॉमकॅट, असे सहज घडते. टॉमकॅटच्या लॉगमध्ये तेव्हा काहीही सापडत नाही, लॉग मध्येच तुटलेला असतो. खरे कारण ‘डीमेसेज’ ह्या लिनक्सच्या आज्ञेच्या आउटपुटमध्ये, किल्ड प्रोसेस अशा ओळीत मिळते. म्हणून सिस्टमडीच्या युनिटमध्ये प्रत्येक इन्स्टन्सला ‘मेमरी मॅक्स’ द्यावे, हीपपेक्षा साधारण एक जीबी जास्त. मग मर्यादा ओलांडणाराच मारला जातो. चाचणीच्या इन्स्टन्सला ‘सीपीयू वेट’ कमी द्यावे, कारण चार कोअरच्या मशीनवर प्रत्येक जावा गार्बेज कलेक्शनसाठी चार थ्रेड धरून बसते.

डेटाबेसच्या कनेक्शन्सचा हिशेबही असाच आहे, पण त्याचे लक्षण वेगळे दिसते. पोस्टग्रेसमध्ये मूळची मर्यादा १०० कनेक्शन्सची असते आणि त्यांतली ३ सुपरयूझरसाठी राखीव असतात. तीन इन्स्टन्सच्या पूलमध्ये (उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सच्या साठ्यात) प्रत्येकी ४० लिहिले असेल, तर एरवी काहीच जाणवत नाही. तिन्हीकडे एकाच वेळी गर्दी झाली की कनेक्शन नाकारल्याचा संदेश येऊ लागतो. मर्यादा ३०० करून टाकणे हा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो मानू नये. चार कोअर आणि एक डिस्क असलेल्या मशीनवर एकाच वेळी शंभर क्वेरी चालवल्याने काम लवकर होत नाही, फक्त मेमरी जास्त लागते. बाजार समितीला २५, जिनिंगला १५, चाचणीला ५ एवढे पुष्कळ आहेत.

चाचणीच्या प्रतीविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते, आणि आपल्या प्रश्नात तिचा उल्लेख एका ओळीपुरताच आहे. ती बाजार समितीच्याच ॲप्लिकेशनची प्रत असल्याने तिच्या आत तीच वेळापत्रके आहेत. चुकारा जमा झाल्याचा एसएमएस रात्री पाठवणारे काम मुख्य इन्स्टन्समध्ये चालते, तसेच चाचणीतही चालेल. चाचणीचा डेटाबेस मुख्य डेटाबेसची जुनी प्रत असेल, तर महिनाभरापूर्वीच्या चुकाऱ्याचा संदेश शेतकऱ्याला आज जाईल, आणि तो भाड्याचे पैसे खर्चून बँकेत विचारायला जाईल. म्हणून चाचणीसाठी डेटाबेस वेगळा, डेटाबेसचा वापरकर्ता वेगळा, आणि त्या वापरकर्त्याला मुख्य डेटाबेसवर कोणताही अधिकार नाही, ही व्यवस्था आधी करावी. एसएमएसची किल्ली चाचणीच्या बेसमध्ये ठेवूच नये. वेळापत्रकाची कामे चालू करायची की नाही हे एका प्रॉपर्टीवर ठरू द्यावे आणि तिची मूळ किंमत ‘नाही’ अशी असावी.

फाइलींचे पत्तेही तपासावेत. सातबारा आणि बँक पासबुकाची छायाचित्रे जिथे साठवली जातात तो पत्ता कोडमध्येच पक्का लिहिलेला असेल, तर दोन्ही प्रती एकाच फोल्डरात लिहितील आणि चाचणीत काही पुसले तर ते खरेच पुसले जाईल. तात्पुरत्या फाइलींसाठी टॉमकॅट प्रत्येक बेसचे टेम्प फोल्डर वापरतो, पण कोडमध्ये थेट सिस्टमच्या टेम्पचा पत्ता लिहिलेला असेल तर तो वेगळेपणा राहत नाही.

काट्याच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. वजनकाट्याच्या इंडिकेटरची आरएस-२३२ वायर थेट ह्या सर्व्हरला जोडलेली असेल, तर ते सिरियल पोर्ट एकाच प्रक्रियेने वाचायचे असते. दोन प्रक्रिया एकदम वाचू लागल्या तर वजनाचे आकडे दोघींत तुकड्यातुकड्यांनी विभागले जातात, आणि १२४८० किलोची गाडी कधी १२४ तर कधी ८० दिसते. पोर्ट वाचण्याचे काम काट्याच्या केबिनमधल्या संगणकावरील छोट्या प्रोग्रॅमकडे द्यावे आणि त्याने स्थिर झालेले वजन जिनिंगच्या इन्स्टन्सकडे पाठवावे. पाऊसपाण्यात तशी वायर लांबवर ओढणे तसेही टाळलेले बरे.

पुढे कधी बाजार समितीचेच ॲप्लिकेशन दोन इन्स्टन्समध्ये चालवावे, असा सल्ला आपल्याला मिळेल. एका मशीनवर त्यामुळे वेग वाढत नाही. टॉमकॅटच्या एका कनेक्टरला मूळचेच २०० थ्रेड असतात, तालुक्याच्या बाजार समितीला ते पुरून उरतात. एक रिस्टार्ट करताना दुसरा चालू राहावा, एवढाच त्याचा खरा उपयोग. त्यासाठी पुढच्या प्रॉक्सीने प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्याच इन्स्टन्सकडे पाठवावे लागते, आणि दोन्हींच्या सर्व्हर.एक्सएमएल मध्ये ‘जेव्हीएम रूट’ वेगळा द्यावा लागतो. पण त्याआधी पावती क्रमांक कसा तयार होतो हे पाहावे. शेवटचा क्रमांक जावाच्या स्टॅटिक चलात ठेवून त्यात एक मिळवणारी ॲप्लिकेशन्स मी आपल्या भागात बरीच पाहिली आहेत. एका इन्स्टन्समध्ये ती निर्धोक चालतात, दोन झाले की दोन शेतकऱ्यांच्या हाती एकाच क्रमांकाची पावती जाते. पोस्टग्रेसची सिक्वेन्स वापरावी तर व्यवहार मागे घेतला गेल्यास मधला क्रमांक गळतो, आणि लेखापरीक्षक गळलेल्या क्रमांकाचा खुलासा मागतो. अशा ठिकाणी क्रमांकाची वेगळी सारणी करून तिची ओळ व्यवहाराच्या आतच कुलूपबंद करणे हा मार्ग मी स्वीकारतो. तो किंचित मंद आहे, पण एका आवारात सेकंदाला शंभर पावत्या फाडल्या जात नाहीत.

आता विजेचा विषय, कारण आपल्याकडे त्याला बगल देता येत नाही. लाईट गेली आणि यूपीएसही संपला की तिन्ही टॉमकॅट मध्येच मरतात. सेशन डिस्कवर जपून ठेवण्याची टॉमकॅटची नेहमीची पद्धत नीट बंद केल्यावरच चालते, त्यामुळे सर्वांना पुन्हा लॉगिन करावे लागणारच. त्रास पुढे होतो. स्क्रिप्टने टॉमकॅट सुरू करताना पीआयडी फाइल (प्रक्रियेचा क्रमांक नोंदवणारी) वापरली असेल, तर जुन्या क्रमांकाची फाइल डिस्कवर तशीच राहते. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तोच क्रमांक दुसऱ्या एखाद्या प्रक्रियेला मिळालेला असू शकतो. स्क्रिप्ट फक्त त्या क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे एवढेच पाहते, टॉमकॅट चालूच आहे असे समजते आणि सुरू करण्यास नकार देते. एकाच क्रमाने उठणाऱ्या तीन इन्स्टन्समध्ये हे क्रमांक एकमेकांना लागण्याची शक्यता जास्तच असते.

म्हणून पीआयडी फाइल आणि सुरू करण्याच्या स्क्रिप्ट दोन्ही सोडून सिस्टमडीचे एकच साचा-युनिट करावे. त्याच्या नावात ॲट चिन्ह असते आणि त्यापुढे लिहिलेले नाव कॅटालिना बेसच्या पत्त्यात जाऊन बसते, त्यामुळे तीन इन्स्टन्सना एक फाइल पुरते. टॉमकॅट ‘रन’ ह्या आज्ञेने अग्रभागी चालवावा, म्हणजे प्रक्रियेवर सिस्टमडीचीच नजर राहते. जावा प्रक्रिया नीट बंद झाली तरी १४३ हा संकेतांक परत देते, तो यशस्वी मानावा असे युनिटमध्ये लिहावे, नाही तर प्रत्येक वेळी बंद केल्यावर ‘फेल्ड’ असे दिसत राहील.

लाईट आल्यावरचा क्रमही ठरवून द्यावा लागतो. अचानक बंद पडलेला पोस्टग्रेस आधी आपला लॉग वाचून डेटा सावरतो, आणि तोपर्यंत कनेक्शन देत नाही. त्या काळात टॉमकॅट सुरू झाला तर ॲप्लिकेशन उभे राहत नाही, पण टॉमकॅटची प्रक्रिया मात्र जिवंत राहते. सिस्टमडीला सर्व ठीक दिसते, म्हणून तो रिस्टार्ट करत नाही, आणि ब्राउझरमध्ये ४०४ येत राहते. युनिटच्या सुरुवातीला ‘पीजी इजरेडी’ ही आज्ञा होकार देईपर्यंत थांबणारी एक ओळ घालावी. चाचणीचा इन्स्टन्स आपोआप सुरूच करू नये. त्याची गरज असेल तेव्हा माणसाने सुरू करावा. यूपीएसला यूएसबी जोडणी असेल तर बॅटरी संपण्यापूर्वी मशीन नीट बंद करणारी ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ ही मोफत व्यवस्था बसवावी, तिच्यामुळे वरच्या दोन्ही परिच्छेदांतली वेळ क्वचितच येईल.

लॉगबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सिस्टमडीखाली अग्रभागी चालवल्यावर कन्सोलचा मजकूर जर्नलमध्ये जातो, तेथे जागेची मर्यादा घालावी. हीप भरल्यावर डंप घेण्याचा पर्याय लावला असेल तर अडीच जीबीच्या हीपची फाइलही जवळपास तेवढीच मोठी होते, म्हणून ती डेटाबेसच्या विभाजनावर पडू देऊ नये.

कामाचा क्रम विचाराल तर आज कुकीची नावे आणि हीपच्या मर्यादा बदलाव्यात, त्याला एक रिस्टार्ट पुरतो. चाचणीचा डेटाबेस त्याच दिवशी वेगळा करावा. होम आणि बेसची फोड व सिस्टमडी हे काम बाजार बंद असलेल्या दिवशी करावे, आणि त्यात आधी चाचणी, मग जिनिंग, शेवटी बाजार समिती असे जावे. टॉमकॅटची नवी आवृत्ती बसवतानाही हाच क्रम ठेवावा : नवे होम शेजारी उघडावे, एकेका इन्स्टन्सचा पत्ता तिकडे वळवावा, आणि बिघडले तर पत्ता परत फिरवावा. ९ मधल्या ९ मध्ये हे सरळ होते. १० पासून पुढे मात्र ‘जावाएक्स’ने सुरू होणारी पॅकेजची नावे ‘जकार्ता’ झाली आहेत, त्यामुळे ९ वर चालणारे ॲप्लिकेशन तेथे जसेच्या तसे चालत नाही. शिवाय १०.१ ला किमान जावा ११ लागते आणि टॉमकॅट ११ ला जावा १७. जिनिंगवाल्याच्या विक्रेत्याने उद्या १०.१ ची मागणी केली, तर फक्त त्याच्या युनिटमध्ये होम आणि जावाचा पत्ता वेगळा द्यावा. बाजार समिती ९ वरच राहू शकते.